मावशीला काय म्हणतात

आईच्या तेराव्याला तुलसी नगरच्या काकूंनी मला पोटाशी धरून एक म्हण ऐकवली. पुढे ती इतक्या जणांनी ऐकवली की आजही कुणी ती काढायला लागलं की मी पाण्याचं निमित्त करून आत निघून जाते. ‘माय मरो पण मावशी जगो.’ काकू मनाच्या चांगल्या होत्या. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या. काकांचं ऑफिस नागपूरहून भोपाळला हललं तेव्हा त्या इकडे आल्या, आणि भोपाळात मराठी बोलणारं माणूस म्हणजे नातलगच असा तेव्हा रिवाज होता. त्या मला म्हणाल्या, “रडू नको बाप्पा, तुले मावशी हाये न.” मावशी तेव्हा आत सगळ्यांची पानं वाढत होती. ती म्हण ज्यानं कुणी रचली त्यानं मावशीनं जगायचं कसं, कुणाच्या घरात आणि कोणत्या नावानं, यातलं काहीच सांगून ठेवलेलं नाही. मायही मेली पाहिजे आणि मावशीही राबली पाहिजे, एवढाच त्याचा हिशोब दिसतो.

विमलमावशी आईची धाकटी बहीण. आई काविळीनं आजारी पडली तेव्हा ती मिरजेहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आली, ‘ताईला बरं वाटेपर्यंत’ म्हणून. तिला शिक्षिकेचा कोर्स करायचा होता, प्रवेशही जवळजवळ ठरला होता. ताईला बरं वाटलं नाही आणि ट्रंक परत गेली नाही. माझा भाऊ नंदू तेव्हा नुकता चालायला लागला होता. मला सगळं कळायचं वय होतं, पण कुणी काही सांगायचं नाही.

आमचा क्वार्टर बाबांच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सगळ्या क्वार्टरांसारखाच होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं भिंतीचं अंगण, त्यात नळ आणि पेरूचं झाड. स्वयंपाकघरातून अंगणात उतरायला एक सिमेंटची पायरी होती. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्या गल्लीतून सायकली बाहेर पडत, आणि त्यानंतर मागच्या अंगणांतून निरनिराळ्या भाषांत बायकांची बोलणी सुरू होत. एका भिंतीपलीकडून कढीपत्त्याची फोडणी, दुसऱ्या भिंतीपलीकडून मोहरीच्या तेलातला मासा, आणि मधे आमचा गोडा मसाला. बाबांनी जेवणाचं टेबल करवून घेतलं होतं ते यंत्रांच्या पेट्यांच्या लाकडाचं. परदेशातून यंत्रं यायची त्या मोठमोठ्या पेट्या कारखान्यातल्या लोकांना स्वस्तात मिळत. निम्म्या टाउनशिपचं फर्निचर त्याच लाकडाचं होतं. टेबलाच्या खालच्या अंगाला काळ्या शाईतली परदेशी अक्षरं तशीच राहिली होती. मी खाली आडवी पडून ती वाचायचा प्रयत्न करी. त्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. आई गेल्यावर काही दिवस चौथी खुर्ची रिकामी होती. मग तिथं मावशी बसायला लागली, आधी अर्धवट टेकून आणि नंतर नीट.

आई असताना बाबा मावशीला ‘विमल’ म्हणत आणि थट्टाही करत. आई गेल्यावर तेही आमच्यासारखं ‘मावशी’ म्हणायला लागले, आणि ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं. “मावशी, चहा ठेवा.” “मावशी, माझा डबा.” ती त्यांना पहिल्यासारखंच ‘भावजी’ म्हणत राहिली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता इतक्या वर्षांनी वाटतं, बाबांनी तिचं नाव आईबरोबरच पोहोचवून टाकलं.

आजोबा मिरजेहून मुद्दाम एकदा येऊन गेले. बाहेरच्या खोलीत ते, बाबा आणि काकू असे तिघं बसले होते, आणि मावशी आत शेंगदाणे निवडत होती. म्हणजे निवडून झालेलेच पुन्हा निवडत होती. काकूंनीच विषय काढला. “भाऊ, घरचीच पोरगी हाये. लेकरांले लळा लागला. करून टाका न.” त्यावर बाबा जे म्हणाले ते पुढे सगळ्या मराठी मंडळात गाजलं. ते म्हणाले, “मुलांना मावशी हवी आहे काकू. सावत्र आई नको.” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी मान डोलावली. केवढा हा त्याग, बायकोच्या आठवणीवर माणूस उभं आयुष्य काढतो आहे, असं लोक कितीतरी वर्षं बोलत. त्या त्यागात दोन वेळचा गरम स्वयंपाक होता, इस्त्रीचे कपडे होते, तापात मुलांच्या उशाशी बसणारं माणूस होतं. नव्हती ती फक्त जबाबदारी. आत मावशीनं शेंगदाण्यांचं सूप उचललं आणि ती अंगणात गेली. नंतर मिरजेहून तिच्यासाठी दोन-तीन स्थळं आली. प्रत्येक वेळी बाबा म्हणत, “नंदू शाळेत जायला लागू दे, मग बघू.” नंदू शाळेत जायला लागला तेव्हा स्थळं यायची थांबली होती.

नंदू बोलायला शिकला आणि तिला ‘आई’ म्हणायला लागला. त्याला दुसरी आई माहीत कुठं होती? बाबा ताटावरचा हात थांबवत, भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत. “आई तिकडे. ही मावशी. म्हण, मावशी.” तो म्हणेपर्यंत जेवण थांबायचं. एकदा तो हट्टाला पेटला आणि ‘आई, आई’ करत ओरडत सुटला, तेव्हा बाबांनी त्याला एक ठेवून दिली. त्या दिवसापासून मावशीच त्याला शिकवायला लागली, “राजा, मावशी म्हणायचं हं.” तो शिकला. मुलं काहीही शिकतात.

अशात आमच्या शाळेत दुबे मॅडमनी तो चार्टचा उद्योग काढला. टाउनशिपला एकात्मतेचं भारी वेड. कोणताही कार्यक्रम असो, त्यात केरळ, पंजाब, बंगाल अशा वेशातली पोरं रांगेनं उभी केली नाहीत तर साहेबलोकांना चहा गोड लागत नसे. त्या वर्षी मॅडमनी प्रत्येकीला एक रोजचा शब्द दिला आणि सांगितलं, “घर-घर जाओ, पूछो, कौन अपनी बोली में इसको क्या कहता है. परदेस वालों से भी पूछना.” पाणी, मीठ, चंद्र, भाकरी हे सगळे शब्द पुढच्या बाकांवरच्या मुलींनी पटकावले. माझी पाळी येईपर्यंत मॅडम कंटाळल्या होत्या. “तुम्हारे घर में तो मौसी हैं न? तुम मौसी ले लो.” असा मला शब्द मिळाला.

ते दिवस मला फार आवडले होते, हे आज लिहितानाही कबूल केलं पाहिजे. शाळा सुटली की मी घरोघर हिंडत असे आणि प्रत्येक घरी काहीतरी खायला मिळे. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटींनी मला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात दिला आणि विचारलं, कोणती, आईहून मोठी की धाकटी? मोठी असेल तर पेद्दम्मा, धाकटी असेल तर पिन्नी. तमिळ घरात पेरियम्मा आणि चित्ती. कानडी घरात दोड्डम्मा आणि चिक्कम्मा. म्हणजे थोरली आई, धाकटी आई. त्यांच्याकडे मावशी म्हणून वेगळी कुणी नव्हतीच, आईच होती, फक्त वयानं मागंपुढं. पंजाबी मासी, सिंधी मासी, गुजराती मासी. बंगाली दत्ताकाका ‘माशी’ म्हणाले आणि मोठ्यांदा हसत त्यांनी मला त्यांच्याकडची म्हण सांगितली, की आईपेक्षा मावशीला कळवळा जास्त. मी आमची म्हण सांगितली तर म्हणाले, “नहीं नहीं, हमारा वाला तो ताना है. दिखावा करने वाले को बोलते हैं.” मला नवल वाटलं. एकाच नात्यावर एकीकडे माया आणि दुसरीकडे टोमणा.

बाबांच्या खात्यातले एक फोरमन जुन्या शहरातून यायचे. त्यांनी मला ‘ख़ाला’ लिहून दिलं, तेही उर्दूत, सुंदर अक्षरात, आणि म्हणाले, “बेटी, ये भी लिखो. लोग कहते हैं न, ख़ालाजी का घर समझ रखा है क्या? ख़ाला का घर वो, जहाँ न पूछ के जाना पड़े, न पूछ के खाना पड़े.” मी घरी येऊन मावशीला ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “खालेचं घर कुठं असतं गं?” आणि तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवून पुन्हा थापायला लागली.

परदेशी लोकांच्या हॉस्टेलात एका जर्मन इंजिनीयरची बायको होती. मैत्रिणीचा थोरला भाऊ इंग्रजी सांभाळायला बरोबर आला. ती म्हणाली, टांटे. मी विचारलं, आणि वडिलांच्या बहिणीला? टांटे. काकूला? टांटेच. पूर्वी आईच्या बहिणीला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, तो आता म्हाताऱ्या माणसांनासुद्धा नीट आठवत नाही. मग कोणती टांटे ते कळतं कसं? तिला माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला. म्हणाली, नावानं. टांटे हेल्गा, टांटे मारिया. रशियात शिकून आलेले एक इंजिनीयर म्हणाले, तिकडे त्योत्या, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी बाईलाही मुलं त्योत्याच म्हणतात. मला आपल्या भाषेचा केवढा अभिमान वाटला! आपल्याकडे मावशी वेगळी, आत्या वेगळी, मामी वेगळी, काकू वेगळी. एकेका बाईला आपण किती काटेकोर जागा करून दिली आहे. त्या जर्मन बाईच्या मावश्यांना निदान नावं होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

चार्ट मावशीनंच करून दिला. तिचं अक्षर शिक्षिकेचं होतं. मधे तिनं लाल रंगात ‘मावशी’ लिहिलं आणि भोवती सगळे शब्द पाकळ्यांत बसवले. लिहिता लिहिता म्हणाली, “आणि मिरजेच्या दवाखान्यात लादी पुसणाऱ्या बाईलाही मावशीच म्हणतात, ते नाही लिहायचं का?” आम्ही दोघी हसलो. चार्टवर जागा उरली नव्हती.

माझा चार्ट पहिला आला. क्लबच्या हिरवळीवर कार्यक्रम झाला, मी स्टेजवर उभी राहून सगळे शब्द म्हणून दाखवले, आणि शेवटी दुबे मॅडमनी माझ्याकडून वदवून घेतलं, “और ये हैं मेरी मौसी.” मावशीला खालून वर बोलावलं, तिच्या हातात एक गुलाब दिला, टाळ्या झाल्या. ती आईची अंजिरी रंगाची साडी नेसली होती. वर येताना तिचा चेहरा असा काही झाला होता की तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. ती कुणाची कोण हे पहिल्यांदाच कुणीतरी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

नंतर चहा होता. समोसे, कलाकंद, आणि पांढऱ्या कपांतला चहा. बाबांच्या बढतीचं आणि मोठ्या क्वार्टरचं त्या महिन्यात चाललं होतं, आणि त्यांचे सगळ्यात मोठे साहेब सपत्नीक आले होते. मी बाबांचा हात धरून उभी होते, मावशी नंदूला कडेवर घेऊन आमच्या मागं एका पावलावर. साहेबांच्या मिसेसनी मला शाबासकी दिली, मावशीकडे पाहून हसल्या आणि शेजारची खुर्ची पुढं ओढत म्हणाल्या, “आइए, आप भी बैठिए न. आप इनकी...?” प्रश्न बाबांना होता. टाउनशिपमध्ये काय बोललं जात होतं ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बायकोची बिनलग्नाची बहीण घरात, आणि माणूस दुसरं लग्न करत नाही, यावर लोक जे बोलायचं ते बोलत असणारच. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “नहीं नहीं मैडम, वो तो बच्चे मौसी कहते हैं. आया ही समझिए. घर का काम देखती हैं.”

बाईंचा खुर्चीवरचा हात निघाला. त्यांनी काही वाईट हेतूनं केलं नाही. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी मानलं. त्यांनी आपला रिकामा कप साहेबांच्या रिकाम्या कपात ठेवला आणि दोन्ही मावशीपुढं केले. “ये ज़रा उधर रख देना.” मावशीनं नंदूला खाली ठेवलं, गुलाब कमरेला खोचला, कप घेतले आणि पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवले. बाबा साहेबांशी बोलत राहिले. घरी येईपर्यंत नंदू कलाकंद मागत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मावशीनं वरणभात, मटाराची उसळ, कोशिंबीर असा नेहमीचा स्वयंपाक केला आणि तीन पानं घेतली. बाबांना वाढलं, आम्हाला वाढलं. मग तिनं मागच्या कोनाड्यातून ॲल्युमिनियमची एक ताटली काढली. त्या कोनाड्यात भांडी घासायला येणाऱ्या रामकलीचा कान तुटलेला कप आणि तिची ताटली वेगळी ठेवलेली असे. टाउनशिपमध्ये सगळ्यांकडेच असा कोनाडा असे, आणि रामकली वर्षानुवर्षं पायरीवर बसून खाते याचं त्या दिवसापर्यंत आमच्यातल्या कुणालाही काही वाटलेलं नव्हतं, हेही इथं लिहून ठेवते. मावशीनं काढली ती तशीच दुसरी ताटली होती. तिनं आमच्या भांड्यांत उरलं ते तीत वाढून घेतलं आणि मागच्या पायरीवर जाऊन जेवायला बसली. रामकली नळाशी होती, ती घाबरून उठली. “दीदी, तुम इधर काहे बैठ गईं? साब देखेंगे तो हमको डाँटेंगे.” मावशी म्हणाली, “नहीं डाँटेंगे. खाना खा.”

मी आत बाबांकडे पाहिलं. ते भात कालवत होते. जेवण झाल्यावर मावशी आत आली, ताटं उचलली आणि म्हणाली, “साहेब, ताक देऊ?”

भावजी हा शब्द त्या दिवशी आमच्या घरातून गेला, तो कायमचा. तिनं आवाज चढवला नाही, आदळआपट केली नाही, स्वयंपाकात मीठसुद्धा कमीजास्त झालं नाही. नंदूचा अभ्यास, माझ्या वेण्या, पापड, लोणची, दिवाळीची चकली, सगळं होतं तसं. फक्त जेवण पायरीवर आणि ‘साहेब’. मी रडले, तिचा हात ओढला. ती म्हणाली, “तुम्ही लेकरांनी म्हणून काय उपयोग? ज्यांनी उठवलं त्यांनी बस म्हणावं. एकदा म्हटलं तरी पुरे. मी काही फार मागत नाही.”

मग मी बाबांकडे गेले. ते वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, “बाबा, मावशीला म्हणा ना, पानावर बसा म्हणून. तुम्ही म्हटलं की ती बसेल.” त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, “मी त्यांना ऊठ म्हटलं नव्हतं. मग बस कशाला म्हणू?” आणि पुन्हा वाचायला लागले.

या एका वाक्यावर त्यांनी वर्षं काढली. बढती मिळाली, मोठा क्वार्टर मिळाला. त्यालाही मागं अंगण होतं आणि पायरी होती. काकू येऊन बाबांना समजावून गेल्या, “भाऊ, दोन शब्द बोलून टाका न, तोंड झिजते का?” बाबा म्हणाले, “त्यांची नाटकं आहेत, आपोआप थांबतील.” थंडीत पायरी गार पडे म्हणून मावशी खाली एक पोतं अंथरायला लागली. पावसात ती आणि रामकली दाराच्या चौकटीत सरकून बसत. रामकलीच्या मुलीच्या लग्नाच्या गप्पा, गावच्या गप्पा, दोघींचं छान जमलं होतं. आत आम्ही तिघं जेवत असू, चौथ्या खुर्चीवर बाबांचं वर्तमानपत्र असे, आणि बाहेरून दोघींचं हसू ऐकू येई. बाबांना ते हसू सहन होत नसे हे मला दिसत होतं. त्यांना तिनं रडायला हवं होतं.

लोक मला म्हणतात, वडिलांविषयी असं लिहू नये, ते काळच तसे होते. काळ कुणाच्या तोंडावर हात ठेवत नव्हता. माझा मुलगा नोकरीनिमित्त काही वर्षं चीनमध्ये होता, तेव्हा फोनवर त्यानं मला सांगितलं की तिकडे मावशीला जो शब्द आहे तोच घरकामाच्या बाईलाही वापरतात, आणि तो म्हणून दाखवला. कानाला तो आपल्या ‘आई’सारखाच लागला. त्याला ते गमतीचं वाटलं होतं. मी नंदूच्या गालावर उठलेली ती चार बोटं आठवत बसले. म्हणजे जगाच्या त्या टोकालाही आईच्या बहिणीला आणि पगारी बाईला एकाच हाकेनं बोलावतात. फरक एवढाच, की पगारी बाई संध्याकाळी आपल्या घरी जाते.

माझं लग्न झालं. नंदू इंजिनीयरिंगच्या हॉस्टेलात गेला. ज्या आठवड्यात तो गेला त्याच आठवड्यात मावशीनं ती पत्र्याची ट्रंक काढली. सांगलीला मुलींच्या एका वसतिगृहात देखरेखीची नोकरी तिनं पत्र लिहून मिळवली होती. आम्हाला पत्ता नव्हता. मी तिला स्टेशनवर न्यायला आले तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. मला अजून आशा होती. वाटलं, आता तरी म्हणतील, निदान ‘जेवून जा’ म्हणतील. मावशी ट्रंक घेऊन दारात थांबली. मुद्दाम थांबली, तिला घाई नव्हती. मग म्हणाली, “येते साहेब.” बाबा म्हणाले, “हं.” पाठीमागं रामकली पदर तोंडात धरून रडत होती. मावशीनं तिला आपली ताटली देऊन टाकली होती.

वसतिगृहातल्या मुली तिला ‘विमलताई’ म्हणत. मी भेटायला जाई तेव्हा मुली जिन्यावरून तशी हाक मारत आणि ती “ओ” देई. ते ऐकून दर वेळी मला क्षणभर वाटे, या कुणाला बोलावताहेत?

बाबा शेवटची काही वर्षं माझ्याकडे होते, इथं भोपाळातच, नेहरू नगरला. टाउनशिप सुटली तेव्हा पेट्यांचं ते टेबल आणि चार खुर्च्या माझ्याकडेच आल्या होत्या. त्यांना विसर पडायला लागला, मग माणसं ओळखेनाशी झाली. दिवसभर त्यांच्याजवळ राहायला मी बैतूलकडची एक बाई ठेवली, शोभा नावाची. तोडकंमोडकं मराठी बोलायची. माझ्या नातवंडांनी तिला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या घरात ती मावशीच झाली.

एके दुपारी मी स्वयंपाकघरातून ताटं घेऊन आले. बाबा टेबलाशी बसले होते, शोभा त्यांच्या मागं उभी होती. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चौथी खुर्ची हातानं पुढं ओढत म्हणाले, “मावशी, उभ्या का? पानावर बसा.” शोभा संकोचली. “बाबूजी, तुमी जेवा, मी मंग खाते.” त्यांनी ऐकलं नाही. “नाही, नाही. बसा आधी. तुमच्याशिवाय आम्ही सुरू करणार नाही.” अगदी आर्जवानं म्हणाले. डोळे भरले होते. शोभानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ती बसली. त्या दिवसानंतर ते रोज तिला तसं बसवून घेत. ते कुणाला म्हणत होते ते मला ठाऊक नाही. पाहुणे म्हणत, बघ, शेवटी त्यांना कळलं. मला नाही तसं वाटत. ज्याचं देणं त्याला न देता रस्त्यावरच्या कुणाच्या तरी ओंजळीत घातलं, म्हणजे ते फिटलं असं मी मानत नाही. मी त्यांचं सगळं केलं, औषधपाणी केलं, पण त्या दुपारी मला त्यांची दया आली नाही, आणि आजही येत नाही.

त्याच संध्याकाळी मी सांगलीला फोन लावला. मावशीला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे मला सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. बाबा आतल्या खोलीत होते, त्यांना ऐकू गेलं असेल तर जावो.

मग तिनं विचारलं, “बसली का ती?”

“बसली.”

“बरं केलं तिनं,” मावशी म्हणाली. “मला म्हणाले असते, तर मीही बसले असते गं.”